चार्जिंगचा दिवा

इदलहोंड मागं पडलं तेव्हा
डॅशबोर्डावर लाल ठिपका उमटला.
आधी वाटलं, पुढच्या ट्रकचं काचेत पडलंय.
मग हेडलाइट पिवळे झाले,
हळद कालवल्यासारखे,
मग हळदही विटली.
मागं बावीस पोती रताळी, ओल्या मातीसकट,
आणि मी वायपर, पंखा, एकेक बंद करत
बॅटरीतलं उरलंसुरलं
पाहुणे वाढल्यावर आमटी पुरवावी तसं
मच्छेपर्यंत पुरवत आणलो.

दुंडाप्पा हंजगी राखुंडीनं दात घासत होता.
काळा फेस थुंकून म्हणाला,
"बंद करू नको अक्का, राहू दे चालू."
बॉनेटवर कान लावला, बेल्ट बोटानं दाबला.
"पट्टा बरा हाय की. आतलं काय तरी."
मग बंद केलो.
आता परत चालू होणार नाही
हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तो पोराशी कन्नडात बोलतो, माझ्याशी मराठीत,
बोल्टाला शिव्या हिंदीत.
बोल्ट तिन्हींत जाम.
"रॉकेल सोड त्याच्यावर, अन् चहा सांग."

चहा येईतो मी पत्र्याला टेकून.
निळ्या रंगाखालून जुन्या बेकरीचं नाव डोकावतं,
कन्नडातलं, अर्धंमुर्धं;
तीन अक्षरं लागतात मला, चौथं अजून नाही.
पण वैशाखात पत्रा तापला
की अजून बटरचा वास सुटतो.

अल्टरनेटर बाकावर आला,
सोललेल्या नारळाएवढा, ग्रीसनं माखलेला.
चार लांब स्क्रू, दोन फाका,
आत तांब्याच्या तारेची घट्ट वेणी.
दुंडाप्पानं ती हुंगली.
"करपली नाही. वाचलीस."
मग टेस्ट लँपची दोन टोकं डायोडला:
असं धरलं की पेटतो, उलटं धरलं की नाही.
"ह्यो एकाच बाजूनं सोडतोय. बरा हाय."
पैशाच्या बाबतीत आमचे सासरे असेच होते,
फक्त बाजू उलटी.
एकटाच हसलो.

शेवटी कार्बन.
दोन काळे चौकोनी तुकडे.
नवे असताना पेराएवढे असतात म्हणे,
हे मुगाच्या डाळीएवढे उरलेले;
मागची स्प्रिंग होती नव्हती तेवढी ताणून
त्यांना फिरत्या कड्याला टेकवू बघतीय
आणि पोचत नाही.
केसभर.
"एवढंच?" मी विचारलो.
"एवढंच. हे झिजायलाच बनवल्यात, अक्का.
कडं झिजू नये म्हणून."
मी हात पदराखाली घेतलो.

पोरगं सायकलनं उद्यमबागेत गेलं.
साडेनऊला अडत्याचा फोन: भाव उतरतोय, कुठं हाईस?
पावणेदहाला परत फोन. उचललो नाही.
नवे कार्बन घरात बसेनात,
दुंडाप्पा पॉलिशपेपरावर
त्यांच्या कडा घासत बसला,
मधूनच उजेडाकडं धरून बघायचा,
माझ्याकडं बघायचा नाही.

ढकलायला तो, पोरगं,
आणि दूध घालून परतणारा कोणी एक.
दुसऱ्या गिअरला सोडलो.
एकदा खोकली. पुन्हा खोकली. धरली.
लाल ठिपका तसाच.
छातीत खड्डा पडला.
"रेस दे की!" मागनं ओरडला.
दाबलो पाय.
ठिपका थरथरला,
अन् विझला.

मजुरी तीनशे. पोराला चार रताळी;
चुलीत भाजून खातो म्हणाला.
मार्केटात पोचलो तर अकरा,
क्विंटलमागं दीडशे पडलेले.
पिरनवाडीपासनं सगळा रस्ता
मी रस्त्यापेक्षा
त्या न पेटलेल्या जागेकडंच बघत होतो.

जुने दोन तुकडे ॲशट्रेत ठेवल्यात.
गाडी खड्ड्यात आदळली की वाजतात,
मुगाच्या डाळीएवढे.